नोव्हेंबरची दुसरी तारीख

बेळगावात नोव्हेंबरची पहिली तारीख कधी सुखासुखी उजाडत नाही. १९५६ साली याच दिवशी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी माणसं तेव्हापासून हा काळा दिवस पाळतात. दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत उतरतात. त्याच दिवशी कन्नड माणसांचा राज्योत्सव असतो आणि चन्नम्मा चौक लाल-पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. दोन्हींच्या मध्ये पोलीस बंदोबस्त उभा असतो. चर्चच्या वर्षात मात्र पहिली तारीख सर्व संतांची असते आणि दुसरी सर्व मृतांची.

दुसऱ्या तारखेला कँपातल्या कबरस्तानात सकाळपासून माणसं येऊ लागतात. पावसाळ्यात माजलेलं गवत आदल्या दिवशीच काढलेलं असतं. कुणी नारळाची शेंडी आणि बादली घेऊन दगडावरचं शेवाळ घासत बसतं, कुणी चुन्याचा हात मारतं. झेंडूच्या माळा येतात, मेणबत्त्यांचे पुडे फुटतात, वारा आला की एकीची ज्योत दुसरीवरून पुन्हा पेटवली जाते. कॅथलिक मंडळी या दिवशी जमतात. आम्हा प्रॉटेस्टंटांचा मान खरा ईस्टरच्या पहाटेचा. पण माणसाचं मन पंथ विचारून हळवं होत नाही, त्यामुळे आमच्यातलेही पुष्कळजण दोन्ही दिवशी जातात.

इथल्या दगडांवरून बोट फिरवत चाललं तर एक मराठी नाव लागतं, शेजारी कन्नड, पलीकडे इंग्रजी. जुन्या भागात छावणीतल्या गोऱ्या शिपायांच्या कबरी आहेत. पंचविशीही न गाठलेली पोरं, बाळंतपणात गेलेल्या बायका, महिन्या-दोन महिन्यांची बाळं. कुणाचा मुलूख कुठला आणि कुणाची माती कुठली! काल ज्यांच्या मुलांनी दोन वेगवेगळे झेंडे धरले, त्यांचे आजे-पणजे इथे हातभराच्या अंतरावर आहेत आणि एकाच आवाजाची वाट पाहत आहेत.

याचा अर्थ सीमेचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मराठीसाठी तळमळणाऱ्यांचं दुःख मला परकं नाही. मी प्रार्थना करायला शिकले ती मराठीत, आणि रडले तीही मराठीतच. पण पौल प्रेषित फिलिप्पैकरांना लिहितो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, आणि ते वाक्य मी सीमाभागात राहून वाचते तेव्हा माझ्या काळजाला वेगळं भिडतं. नकाशावरची रेघ ज्यांच्या घरावरून गेली, त्यांनाच ठाऊक की आपण नेमके कुठले, हा प्रश्न माणसाला आयुष्यभर किती छळतो. जिथून कुणी कधी कुणाला काढून लावणार नाही असं एक ठिकाण आहे, ही आशा आमच्यासाठी शोभेची नव्हे. ती आमच्या गरजेची आहे.

माझं माहेर निपाणीचं. हायवे सोडून गावात शिरलं की आधी तंबाखूचा वास भेटतो. परक्या माणसाला ठसका लागतो. आम्हाला तो वास म्हणजे घर आल्याची खूण. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. पदर नाकावरून घट्ट बांधायचा आणि दिवसभर चाळण हलवायची. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवरसुद्धा तपकिरी भुकटी बसलेली असायची. रविवारी मात्र धुतलेलं लुगडं, डोक्याला तेल, हातात रुमालात गुंडाळलेलं 'उपासना संगीत' हे गाण्यांचं पुस्तक. तिला वाचता येत नव्हतं. पुस्तक ती नुसतं धरायची आणि गाणी तोंडपाठ म्हणायची.

ती गेली तेव्हा मंडळीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली. मी हात धुवायला घेतले. गरम पाणी, साबण, ओल्या फडक्याचं टोक. सगळं करून झालं, तरी नखांच्या कडेला बसलेला तंबाखूचा डाग काही निघेना. इतक्या वर्षांचा तो रंग कातडीतच मुरला होता. देवासमोर जाताना तरी आईचे हात स्वच्छ असावेत म्हणून मी घासत राहिले. तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे की बाळ," त्या म्हणाल्या. "कष्टाची खूण हाय ती. येशूच्या हाताची खूण तरी कुठं पुसली?"

त्या मावशी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. पण योहानाच्या शुभवर्तमानातलं सगळ्यात खोल सत्य त्यांनी त्या बादलीपाशी उभं राहून सांगितलं. प्रभू मेलेल्यांतून उठला तो नवाकोरा, निष्कलंक होऊन आला नाही. हाताला खिळ्यांचे वण घेऊन आला. थोमाला त्यानं तेच वण दाखवले. मरणावर जय मिळवूनही त्यानं आपल्या दुःखाची खूण टाकून दिली नाही.

त्या दिवशी मला ते शब्द ऐकू आले, पण आत उतरले नाहीत. पाळकसाहेबांनी विधी चालवला, आम्ही मूठ मूठ माती टाकली, पेटीच्या फळीवर ती पडल्याचा आवाज झाला आणि त्या आवाजापुढे पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन हे लहानपणापासून पाठ असलेले शब्द मला पोकळ वाटले. पुढे कितीतरी रात्री मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडत असे. प्रार्थना ओठांवर येई आणि तिथेच थांबे. जिच्याकडून देवाचं नाव शिकले, तीच नाही म्हटल्यावर ते नाव घ्यायचं तरी कुठल्या तोंडानं, असं होई. विश्वास एका रात्रीत परत आला नाही. तो आला हळूहळू, आणि त्याची सुरुवात मावशींच्या त्या एका वाक्यापासून झाली.

आपण मराठी माणसं लहानपणापासून ऐकतो की देह नाशवंत, आत्मा अमर. देह म्हणजे जुनं वस्त्र, टाकून द्यायचं. या शिकवणीनं कितीतरी जणांना मरणाच्या दारात धीर दिला आहे आणि तिचा अनादर माझ्या मनात नाही. माझ्या पणजोबांच्या कानांवर तुकोबांचेच अभंग पडत होते. पण ख्रिस्ती आशा इथे एक वेगळी वाट धरते. ती नुसत्या आत्म्यावर थांबत नाही. ती देहाच्या पुनरुत्थानाबद्दल बोलते. हे हात, हे पाय, हा चेहरा देवानं घडवला, त्याला तो प्रिय आहे, आणि मातीत गेला तरी देव त्याला विसरत नाही, असं ती सांगते.

ही गोष्ट आमच्या घरात एवढी घट्ट का धरली गेली, ते मला उशिरा कळलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, ज्यांना पाणी वरून ओतलं जाई, ज्यांच्या प्रेतांची जागासुद्धा गावच्या स्मशानापासून वेगळी असे, त्या माणसांतले आम्ही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, अमेरिकेतले रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात पोचले. त्यांच्यामागून आलेल्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि गावकुसाबाहेर बसून एक अजब बातमी सांगितली: ज्या देहाला कुणी शिवत नाही, त्या देहावर देवाची प्रीती आहे आणि तो देह एक दिवस मानानं उठवला जाणार आहे. देह टाकून द्यायचा असतो हे आमच्या माणसांना आणखी कुणी शिकवायची गरज नव्हती. जगानं तो केव्हाच टाकून दिला होता. तो उचलून घेणारा कुणीतरी आहे, हे ऐकायची भूक होती.

पौलानं करिंथकरांना मरणाबद्दल लिहिताना बियाण्याचा दाखला दिला. जे पेरतो ते मेल्यावाचून जिवंत होत नाही, आणि उगवतं ते पेरलेल्या दाण्याहून किती निराळं असतं! निपाणीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तंबाखूचं बी इतकं बारीक असतं की चिमटीत धरलं तर आहे की नाही कळत नाही. ते वाळूत किंवा राखेत मिसळून वाफ्यावर विसकटावं लागतं. राखेतून विसकटलेल्या त्या भुकटीतून पुढे हातभर लांब पानांची झाडं उभी राहतात. पाहणाऱ्याला ओळख पटणार नाही, पण झाड त्याच बियाचं असतं. बी आणि झाड यांच्यामध्ये काळोख असतो आणि त्या काळोखात काय चालतं ते शेतकऱ्याला दिसत नाही. तरी तो पेरतो.

आमच्या भागात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की पूर्वी एकच वाक्य म्हटलं जाई: मिरजेला न्या. बेळगावहून गाडी सुटली की घटप्रभा, रायबाग, कुडची, मग कृष्णेचा पूल आणि पुढे मिरज. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि पुढे कर्नाटक-महाराष्ट्राच्या दोन्ही अंगांची माणसं तिथे खाटेवर शेजारी शेजारी झोपली. कितीजण बरे होऊन परत आले. कितीजण आले नाहीत. न परतलेल्यांत एक होती मनोरमा, पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक.

रमाबाईंचं आयुष्य मी मरणांच्या क्रमानं वाचते, कारण मला त्या तशाच जवळच्या वाटतात. दुष्काळात अन्नान्न करत फिरताना वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये बंगालमध्ये गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये पटकीनं तेही गेले. हातात उरली तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ही लेक पुढे शिकली, आईच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली, केडगावच्या मुक्ती मिशनचा भार तीच पुढे वाहणार असं सगळे धरून चालले होते. आणि १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीत, तिनं मिरजेला डोळे मिटले.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी अधू, शरीरानं थकलेल्या. एवढ्या मरणांनंतर त्यांनी सगळं सोडून दिलं असतं तर त्यांना कोण बोललं असतं? पण त्यांच्या टेबलावर बायबलच्या भाषांतराचं काम होतं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणायचं, हे काम त्यांनी कित्येक वर्षं चालवलं होतं. लेकीमागे उरलेले महिने त्यांनी त्या कामाला दिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

आपलं काम पुरं होऊन हातात पडलेलं पाहायला रमाबाई उरल्या नाहीत. पण ते काम करताना त्यांचा हात थांबला नाही. मला पुनरुत्थानावरचा कुठलाही प्रबंध यापेक्षा जास्त काही सांगू शकत नाही. ज्या बाईला खात्री आहे की मनोरमा हरवलेली नाही, फक्त पुढे गेली आहे, तीच बाई लेकीच्या मरणानंतर पुन्हा लेखणी उचलून पुढची ओळ तपासू शकते.

लक्ष्मीबाई टिळकांचं असंच. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार फाटला. बाई पाच वर्षं झगडून, स्वतःच्या पायांनी चालत त्याच विश्वासापाशी आल्या. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. सुरुवातीचे अध्याय तेवढे झाले होते. ज्या बाईंना शाळेचं शिक्षण असं मिळालंच नव्हतं, त्यांनी ते महाकाव्य हाती घेतलं आणि पुढचे बहुतेक सगळे अध्याय लिहिले. टिळक कायमचे विझले असं त्यांना वाटत असतं, तर त्यांनी त्यांच्या अर्ध्या राहिलेल्या ओवीपुढे आपली ओवी जोडली नसती. निपाणीच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये रविवारी टिळकांची गाणी उठतात तेव्हा मला त्या दोघांचा संसार अजून चालू असल्याचं ऐकू येतं.

या माणसांपाशी थांबून मग मी पौलाच्या त्या पत्राकडे परत गेले. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय आमच्याकडे प्रत्येक मातीच्या वेळी वाचला जातो. लांबलचक अध्याय आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सगळंच फुकट आहे, असं पौल त्यात छातीठोक सांगतो. बियाण्याचा दाखला देतो, शेवटच्या कर्ण्याबद्दल सांगतो, मरणाला त्याची नांगी कुठे आहे असं विचारतो. एवढा उंच चढलेला अध्याय स्वर्गाच्या वर्णनावर संपेल असं वाटतं. तसा तो संपत नाही. शेवटच्या वाक्यात पौल थेट जमिनीवर येतो आणि सांगतो की म्हणून तुम्ही ढळू नका, प्रभूच्या कामात गढून जा, कारण तुमचे श्रम वाया जात नाहीत.

हा 'म्हणून' मला सापडला तेव्हा माझे पाय टेकले. मी इतके दिवस विश्वास शोधत होते तो मनाच्या एखाद्या न डगमगणाऱ्या अवस्थेत. मला वाटायचं, अढळ विश्वास म्हणजे शंका नसणं, रडू न येणं, कबरीपाशी हसतमुख उभं राहणं. तसं असतं तर प्रभू लाजाराच्या कबरीपाशी रडलाच नसता. त्याला तर ठाऊक होतं की थोड्याच वेळात लाजार बाहेर येणार आहे, तरी तो रडला. आशा अश्रूंना मज्जाव करत नाही. अढळपणा दिसतो तो अश्रू पुसल्यावर माणूस कशाला हात घालतो यात.

आणि जे श्रम वाया जात नाहीत, त्यांत वखारीतले श्रमही आले. स्वर्गाच्या आशेनं गरिबाला गप्प बसवायचं, इथला अन्याय मुकाट सोसायला लावायचा, हा त्या आशेचा अपमान आहे. निपाणीनं १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन पाहिलं आहे. घामाला दाम मागायला शेतकरी महामार्गावर बसले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. बिडी वळणाऱ्या, तंबाखू चाळणाऱ्या बायांनी आपल्या मजुरीसाठी कंबर कसली तीही याच गावात. देह उठणार आहे असं जो मनापासून मानतो, त्याला आज त्या देहाची उपासमार चालून कशी जाईल? ज्या फुप्फुसांना देव पुन्हा श्वास देणार आहे, त्यांत तंबाखूची धूळ भरू देणं हे पाप आहे, असं मी आता कुणाहीसमोर म्हणते. उठलेल्या प्रभूनं तिबिर्या समुद्राच्या काठावर काय केलं? रात्रभर जाळी टाकूनही काही हाती न लागलेल्या कोळ्यांसाठी विस्तव पेटवला, मासे भाजले, भाकर ठेवली आणि त्यांना न्याहारीला बोलावलं. मरण जिंकून आलेल्याला आपल्या माणसांच्या भुकेची आठवण होती.

यातून माझा विश्वास उभा राहिला. पुरावे मांडून कुणाला पटवून देता येईल असा तो नाही, आणि तसा आव मी आणणार नाही. तो माणसांच्या मार्फत माझ्याकडे आला. मावशींच्या एका वाक्यातून, रमाबाईंच्या न थांबलेल्या लेखणीतून, वर्षानुवर्षं कबरीवरचं गवत काढणाऱ्या साध्या माणसांच्या चिकाटीतून. ज्यांना मेलेली माणसं परत भेटायची आहेत, ती माणसं कबरीशी अशी वागतात. आणि त्या सगळ्यांच्या मागे ती एक रिकामी कबर आहे. तिच्यापाशी भल्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन गेलेल्या बायका होत्या. त्याही प्रेताला शेवटची सेवा करायलाच निघाल्या होत्या. मरणाच्या घरातलं ते नेहमीचं, बायकांच्या वाट्याला येणारं काम करायला गेलेल्या त्या बायकांनाच जगातली सगळ्यात मोठी बातमी आधी कळली.

आता आमच्या मंडळीत कुणी प्रभूत निजलं की मीही पदर खोचून जाते. पाणी तापवायचं, आंघोळ घालायची, घरच्यांना चार घास खायला लावायचे, कुणी रडत असेल तर त्याला गप्प करायचं नाही. तरुण मुली हात धुताना डाग निघत नाही म्हणून घाबऱ्या होतात, तेव्हा मी त्यांना थांबवते आणि त्या खुणा कुणी ओळखायच्या आहेत ते सांगते. दुपारी वखारीतल्या बायांच्या मुलांना मी मराठी वाचायला शिकवते. आईला पुस्तक नुसतं धरता आलं. या पोरांना ते वाचता आलं पाहिजे.

माझी आई उठेल. तिच्या त्याच हातांनी ती उठेल, आणि ज्याच्या हातांवर वण आहेत तो तिला नावानं हाक मारील. यावर माझा भरवसा आहे, आणि तो भरवसा आहे म्हणूनच उद्या दुपारी पोरं पाट्या घेऊन आली की मी त्यांचा धडा जिथे थांबला होता तिथून पुढे घेणार आहे.